नेमाचें देशांतर

एका ठिकाणीं गाजलेला गुण दुसऱ्या ठिकाणीं गाजेल कीं नाहीं, हा प्रश्न फार जुना आहे. गांवांतला गवई दरबारांत टिकेल काय, तालमींतला मल्ल परगांवच्या फडांत उभा राहील काय, परीक्षेंत पहिला आलेला विद्यार्थी पुढें संसारांतही पहिला येईल काय, ह्या सर्व शंका एकाच जातीच्या होत. आमचा धंदा अध्यापनाचा असल्यामुळें ह्या शंकांशीं आमचा नित्याचा परिचय आहे. वर्षाकांठीं दहावीस शिफारसपत्रें आम्हांस लिहावीं लागतात, आणि त्या प्रत्येकाच्या निमित्तानें कोणतें तरी दूरचें विद्यापीठ आम्हांस निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारीत असतें: हा मुलगा तुमच्याकडे हुशार आहे हें खरें; पण आमच्याकडे तो हुशार ठरेल काय?

आज ह्या प्रश्नाचा विचार आम्ही महाविद्यालयाच्या दालनांत न करतां एका परकीय क्रीडांगणावर करणार आहों. वाचकांस ह्याचें नवल वाटेल हें आम्ही जाणतों. कारण ज्याचें आयुष्य वर्गांत आणि ग्रंथालयांत गेलें, त्यानें उत्तर अमेरिकेंतील फुटबॉलवर लिहावें हें वरवर पाहतां विचित्रच आहे. परंतु २०१८ सालच्या शरदृतूंत कांहीं आठवडे आम्ही कॅनडाच्या राजधानींत, ओटावा येथें, आमच्या कन्येकडे राहिलों होतों. आणि आमचे जांवईबापू त्या शहराच्या संघाचे एकनिष्ठ भक्त असल्यामुळें त्या खेळाची दीक्षा घेतल्यावांचून आमची सुटका झाली नाहीं. त्या वर्षीं ओटाव्याच्या संघांत लूइस वॉर्ड नांवाचा एक नवखा तरुण आला होता. चेंडूस लाथ मारून तो दोन खांबांमधून पार करणें एवढेंच त्याचें काम. आणि तें तो असें अचूक करी कीं, त्या हंगामांत त्याच्या ५२ प्रयत्नांपैकीं ५१ सफळ झाले. जांवईबापू जेवतांना म्हणत, "बाबा, हा मुलगा सीमेपलीकडे गेला ना, तर तिकडचे लक्षाधीश खेळाडू तोंडांत बोटें घालतील." त्यावर आमची कन्या भात वाढतां वाढतां म्हणे, "अहो, तिकडचे खांब दहा यार्ड मागें असतात, तें आपण विसरतां." दोघांनींही आम्हांस पंच नेमलें होतें. निकालापूर्वीं पंचानें पुरावा पाहिला पाहिजे, म्हणून आम्हीं तेव्हां मौन धरलें. पुरावा आतां पुरेसा जमला आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देतों. कॅनडा आणि अमेरिका ह्या देशांत ज्यास फुटबॉल म्हणतात, त्यांत चेंडू पायापेक्षां हातांतच अधिक असतो. दोन्ही टोकांस निमुळता असलेला तो चेंडू हातीं घेऊन किंवा फेंकून प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे न्यावयाचा, हें मुख्य काम. पायाचें काम मधून मधून पडतें. आणि तें पडलें म्हणजे त्यासाठींच राखून ठेवलेला एक इसम बांकावरून उठून येतो. त्यास किकर म्हणतात. उभे दोन खांब आणि त्यांच्यामधला आडवा दांडा, ह्यांच्या चौकटींतून त्यानें चेंडू पार केला कीं संघास तीन गुण मिळतात. ह्यास फील्ड गोल हें नांव आहे. एक गडी चेंडू मागें फेंकतो, दुसरा तो जमिनीवर उभा धरतो, तिसरा लाथ मारतो. आणि हें सर्व सव्वा सेकंदाच्या आसपास आटोपतें. बाकीचे गडी तीन तास एकमेकांवर आदळून घामाघूम झालेले असतात. हा मात्र घडी न मोडलेल्या कपड्यांनीं येतो आणि तसाच परत जातो. तथापि सामन्याचा निकाल पुष्कळदां ह्याच एका पायावर येऊन ठेपतो.

दोन्ही देशांतील नियम भावाभावांसारखे आहेत. चेहरा एक, स्वभाव वेगळे. अमेरिकेंत अकरा गडी, कॅनडांत बारा. अमेरिकेंत दहा यार्ड पुढें सरकण्यास चार संधि मिळतात, कॅनडांत तीनच. अमेरिकेचें मैदान १०० यार्डांचें. कॅनडाचें पिढ्यान्‌पिढ्या ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद असें चालत आलें. गोलाच्या खांबांमधील अंतर मात्र दोहींकडे साडेअठरा फूट, आणि आडवा दांडा जमिनीपासून दहा फूट. फरक आहे तो खांब कोठें रोवावे ह्याचा. कॅनडानें ते गोलाच्या रेषेवरच ठेवले. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगनें १९७४ सालीं ते दहा यार्ड मागें, मैदानाच्या अगदीं टोंकास नेले.

आमच्या कन्येचा आक्षेप ह्याच फरकावर उभा होता, आणि पुष्कळ जाणते लोकही तोच घेतात. पण तो टिकत नाहीं. लाथेचें अंतर हें चेंडू जेथें धरला तेथपासून खांबांपर्यंत मोजतात. चाळीस यार्ड हे विनिपेगमध्यें चाळीस आणि शिकागोमध्येंही चाळीसच. बदलतें तें इतकेंच कीं, त्या चाळीस यार्डांपर्यंत येऊन पोंचण्यास अमेरिकन संघास अधिक वाटचाल करावी लागते. समजा, चेंडू गोलाच्या रेषेपासून तीस यार्डांवर आहे. तो धरणारा गडी सात यार्ड मागें बसतो. म्हणजे कॅनडांत ३७ यार्डांची लाथ झाली, आणि अमेरिकेंत तीच ४७ यार्डांची. हा भार संघावर पडतो. किकरच्या अचूकपणाशीं त्याचा संबंध नाहीं. कॅनेडियन किकरचे आंकडे पाहतांना त्याच्या लाथा किती लांबून होत्या एवढें पाहिलें, कीं खांबांचा प्रश्न मिटतो.

मग खरे फरक कोणते? पहिला फरक अगदींच लहान दिसतो, पण आमच्या मतें तोच सर्वांत मोठा आहे. कॅनेडियन लीगमध्यें चेंडू एका लहानशा ठोकळ्यावर उभा धरण्याची मुभा आहे. अमेरिकन लीगमध्यें फील्ड गोलच्या वेळीं तो जमिनीवरच धरावा लागतो, आणि तेथील विद्यापीठांनींही १९८९ पासून ठोकळा बंद केला. बोटभर उंची ती काय, असें कोणी म्हणेल. पण ज्याचा पाय वर्षानुवर्षें त्या बोटभर उंचीशीं जुळला आहे, त्यास जमिनीवरचा चेंडू म्हणजे नवी लिपि वाटते. दुसरा फरक असा कीं, कॅनडांत प्रतिपक्षाची फळी चेंडूपासून एक यार्ड दूर उभी राहते. अमेरिकेंत ती जवळ जवळ नाकाला नाक लावून उभी असते, आणि तेथले गडीही अधिक धिप्पाड. किकरला मिळणारी निमिषभराची सवड त्यामुळें आणखी आंखडते.

उलट बाजूचेही फरक आहेत, आणि ते सांगितल्यावांचून न्याय होणार नाहीं. कॅनडाचें मैदान रुंद असल्यामुळें तेथें चेंडू मध्यापासून पुष्कळ बाजूस ठेवावा लागे. ज्या दोन खुणांच्या दरम्यान तो ठेवतात, त्यांच्यामधील अंतर २०२२ पर्यंत १७ यार्ड होतें. त्या वर्षीं तें ९ यार्डांवर आणलें. अमेरिकन लीगमध्यें तेंच अंतर खांबांच्या रुंदीइतकें, म्हणजे साडेअठरा फूट आहे. त्यामुळें तेथें बहुतेक लाथा समोरूनच मारावयाच्या असतात. जो किकर २०२२ पूर्वीं कॅनडांत अचूक ठरला, तो तिरपे कोन पचवून ठरला. शिवाय हवामान. रेजायना, विनिपेग, कॅल्गारी हीं शहरें मोकळ्या माळरानावर वसलेलीं; तेथला वारा कोणाची भीड ठेवीत नाहीं, आणि नोव्हेंबरांत हंगाम संपेपर्यंत चेंडू दगडासारखा कठीण होतो.

आणखी एक फरक मनाच्या बाजूचा आहे. कॅनडांत नेम चुकला, तरी चेंडू गोलामागच्या पट्ट्यांतून बाहेर गेला किंवा प्रतिपक्षास तेथून बाहेर आणतां आला नाहीं, तर परंपरेनें एक गुण मिळत असे. ह्या एकुलत्या गुणास तेथें 'रूझ' म्हणतात. चुकीसही थोडें बक्षीस देणारा असा नियम आम्हीं दुसऱ्या खेळांत पाहिलेला नाहीं. अमेरिकेंत उलट शिक्षा आहे: १९९४ पासून, नेम चुकला तर लाथ जेथून मारली तेथूनच चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं होतो. एके ठिकाणीं चुकीस सांत्वन, दुसऱ्या ठिकाणीं चुकीस दंड. लाथ तीच असली, तरी ती मारणाऱ्याच्या छातींतली धडधड तीच राहात नाहीं.

आतां प्रत्यक्ष माणसांकडे वळूं. अनुकूल पक्षाचा पहिला साक्षीदार माइक व्हँडरजॅग्ट. ऑन्टॅरिओ प्रांतांतील ओकव्हिल गांवचा हा मनुष्य टोरोंटोच्या संघांतून खेळे. १९९६ च्या ग्रे कपच्या अंतिम सामन्यांत हॅमिल्टन येथें बर्फ पडत असतां तो खेळला, आणि सामन्यांतील उत्कृष्ट कॅनेडियन खेळाडूचा मान त्यास मिळाला. १९९८ सालीं तो अमेरिकेंत इंडियानापोलिसच्या संघांत गेला. २००३ च्या हंगामांत त्यानें ३७ फील्ड गोल मारले आणि एकही चुकविला नाहीं. जादा गुणाच्या ४६ लाथा मारल्या, त्यांतही एकही चुकली नाहीं. अमेरिकन लीगमधील त्याची एकंदर कामगिरी २६६ प्रयत्नांत २३० यश, म्हणजे शेंकडा साडेशहाऐंशीं. आणि तो निवृत्त झाला तेव्हां त्या लीगच्या इतिहासांत त्याच्याहून अचूक कोणी नव्हता. लागोपाठ ४२ यशांचा त्याचा विक्रम २०१६ पर्यंत अबाधित होता. तरीही अमेरिकेंत त्याचें नांव काढलें कीं लोकांस २००६ च्या जानेवारींतील एकच लाथ आठवते: पिट्सबर्गविरुद्ध शेवटच्या क्षणीं ४६ यार्डांवरून मारलेली, उजवीकडे गेलेली. सामना २१–१८ असा हातचा गेला. दोनशें तीस यशांच्या पारड्यास एका अपयशाचें पारडें भारी झालें.

दुसरी साक्ष १९९४ च्या जानेवारींतील सुपर बोलची. त्या सामन्यांत डलास आणि बफेलो हे दोन अमेरिकन संघ समोरासमोर होते, आणि मौज अशी कीं दोहोंचेही किकर कॅनेडियन: डलासचा एडी मरे हॅलिफॅक्समध्यें जन्मलेला, बफेलोचा स्टीव्ह ख्रिस्ती व्हँडरजॅग्टच्याच ओकव्हिलचा. ख्रिस्तीनें त्या दिवशीं ५४ यार्डांवरून मारलेला गोल सुपर बोलमधला सर्वांत लांबचा म्हणून तीस वर्षें गणला गेला. २०२४ सालीं तो विक्रम मोडला.

एवढ्यानें जांवईबापूंचा दावा सिद्ध झाला, असें वाटेल. पण साक्षीदारांची उलटतपासणी केली म्हणजे एक गोष्ट बाहेर येते. मरे टुलेन येथें शिकला, ख्रिस्ती विल्यम अँड मेरी येथें, व्हँडरजॅग्ट वेस्ट व्हर्जिनियांत. तिघेही जन्मानें कॅनेडियन, पण त्यांचे पाय अमेरिकन विद्यापीठांत घडले. उलट ज्या कॅनेडियन किकरांच्या अचूकपणाची कीर्ति सर्वांत मोठी, त्यांतले कित्येक कॅनडाच्याच विद्यापीठांतून आले. वॉर्ड ओटावा विद्यापीठाचा. रेने पारेदेस हा काराकास येथें जन्मलेला, पण माँट्रिअलच्या कन्कॉर्डिया विद्यापीठांत शिकलेला. २०१३ सालीं कॅल्गारीसाठीं त्यानें ५७ पैकीं ५४ गोल मारले. ह्या दोघांचा पाय अमेरिकन लीगच्या अधिकृत सामन्यांत कधीं लागलाच नाहीं. म्हणजे ज्यांच्याविषयीं प्रश्न आहे त्यांची परीक्षा झालेली नाहीं, आणि ज्यांची परीक्षा झाली त्यांच्याविषयीं फारसा प्रश्नच नव्हता. एक अपवाद सांगितला पाहिजे. रेजायना विद्यापीठांत शिकलेला जॉन रायन विनिपेगहून २००६ सालीं अमेरिकेंत गेला आणि बारा हंगाम तेथें टिकला. सिॲटलच्या संघाबरोबर त्यानें सुपर बोलही जिंकला. पण त्याचें काम हातांतून सोडलेला चेंडू लांब उडविण्याचें. त्यांत ना ठोकळा, ना खांब.

प्रतिकूल पक्षाचेही साक्षीदार आहेत. जस्टिन मेडलॉक हा जन्मानें अमेरिकन. २००७ सालीं कॅन्सस सिटीच्या संघानें त्यास एका सामन्यानंतरच निरोप दिला. तो कॅनडांत गेला आणि नामांकित झाला. २०१२ सालीं अमेरिकेंतील कॅरोलायनाच्या संघानें त्यास परत बोलाविलें. तेथें दहा प्रयत्नांत सात यशें मिळतांच हंगाम पुरा होण्यापूर्वीं त्यास रजा मिळाली. तो पुनः कॅनडांत आला, आणि २०१६ सालीं विनिपेगसाठीं एका हंगामांत ६० फील्ड गोल मारून त्यानें तेथील विक्रम केला. ब्रेट माहेर हाही ओटावा आणि हॅमिल्टन येथें खेळून डलासला गेला. २०१८ व २०१९ ह्या दोन हंगामांत त्यानें साठ यार्डांपलीकडून तीन गोल मारले, जें त्यापूर्वीं त्या लीगमध्यें कोणासही साधलें नव्हतें. पण जवळच्या लाथा चुकूं लागल्या आणि तो गेला. २०२२ सालीं परत येऊन ३२ पैकीं २९ गोल मारले. आणि लगेच २०२३ च्या जानेवारींत एकाच सामन्यांत जादा गुणाच्या चार लाथा लागोपाठ चुकविल्या. ह्या मनुष्यास यशस्वी म्हणावें कीं अयशस्वी, हें आम्हांस तरी सांगतां येत नाहीं.

येथें थोडें गणित करणें भाग आहे. अमेरिकन लीगमध्यें सध्यां शंभर प्रयत्नांत सुमारें पंचाऐंशीं यशस्वी होतात. इतपत नेम असलेल्या किकरनें लागोपाठ ६९ गोल मारण्याचा संभव पाऊण लाखांत एक इतका अल्प आहे. त्याचा नेम शेंकडा नव्वद धरला, तर सुमारें चौदाशेंत एक. शेंकडा पंचाण्णव धरला, तर चौतिसांत एक. हा ६९ चा आंकडा आम्ही मनानें घेतलेला नाहीं. वॉर्डनें २०१८ च्या हंगामांतील पहिल्या चुकीनंतर लागोपाठ ४८, आणि पुढच्या वर्षीं आणखी २१, असे मिळून तितकेच गोल मारले. अमेरिकन लीगमध्यें असा सर्वांत लांब क्रम ॲडम व्हिनाटिएरीचा, ४४ चा होता. सगळ्या लाथा सारख्याच अवघड नसतात, जवळच्या सोप्या असतात, हें मान्य करूनही एवढें म्हणतां येतें कीं, ही केवळ दैवाची कृपा नव्हे. ह्या माणसाचा नेम खरा होता.

हेंच गणित मेडलॉकला लावून पाहूं. पंचाऐंशीं टक्के नेम असलेल्या, म्हणजे अमेरिकेच्या मापानें सर्वस्वी योग्य अशा किकरनें दहा लाथा मारल्या, तर त्यांतल्या तीन किंवा अधिक चुकण्याचा प्रसंग शंभरांत अठरा वेळां येईल. म्हणजे दर पांचसहा चांगल्या किकरांपैकीं एकास, त्याच्या नेमांत कांहींही न्यून नसतां, मेडलॉकचीच गति प्राप्त होईल. एका पूर्ण हंगामांतील तीस लाथांवरूनही निर्णय पक्का होत नाहीं; कारण तोच किकर एका वर्षीं २२ मारील आणि दुसऱ्या वर्षीं २९. कॅनडांत तीनच संधि असल्यामुळें लाथेचे प्रसंग अधिक येतात आणि मनुष्यास आपलें खरें मोल दाखवावयास अवकाश मिळतो. अमेरिकेंत बत्तीस संघ, प्रत्येकास एक किकर, आणि दाराशीं उभे असलेले शेंकडों. तेथें अवकाश कोण देणार?

ह्यांत संघचालकांचा दुष्टपणा आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. हंगाम सतरा सामन्यांचा. दोन सामने लाथेपायीं गेले, तर प्रशिक्षकाची स्वतःचीच नोकरी जाते. संभवशास्त्राचा धडा घेण्यास त्यास फुरसत नसते. परंतु ह्यावरून 'तो तिकडे चालला नाहीं' हें वाक्य किती हलक्या पुराव्यावर उच्चारलें जातें, हें लक्षांत यावें.

तें वाक्य आमच्या कानांत निराळ्या कारणासाठीं खुपतें. तालुक्याच्या गांवाहून आलेला आमचा एक विद्यार्थी गणितांत असा कीं, आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत त्याच्या तोडीचे दोनतीनच निघाले. एका परदेशीय विद्यापीठाची शिष्यवृत्ति त्यास मिळाली. पहिल्या सहामाहींत तीन उत्तरपत्रिका झाल्या; त्यांतल्या दोन बिघडल्या. नवी भाषा, नवी थंडी, प्रश्न विचारण्याची नवी रीत. ठोकळ्यावरचा चेंडू एकदम जमिनीवर आला होता. शिष्यवृत्ति बंद झाली आणि वर्षाच्या आंत तो घरीं परत आला. गांवानें निर्णय दिला: इकडची हुशारी तिकडे चालत नाहीं. त्याच्या वडिलांनीं तर पुढें कित्येक महिने बाजारांतून जाणेंच सोडलें. आज तो एका जिल्ह्याच्या ठिकाणीं शिकवितो, आणि त्याच्या हाताखालचे विद्यार्थी त्याच परदेशांत जाऊन चांगले नांवारूपास आले आहेत. चार वर्षें ज्याची बुद्धि आम्हीं रोज पाहिली, त्याचें मोल तीन कागदांवर ठरलें. आणि तें ठरविणारांच्या मनांत शंकाही आली नाहीं. तेव्हांपासून प्रत्येक शिफारसपत्राच्या शेवटीं आम्ही एक वाक्य घालतों कीं, ह्या विद्यार्थ्याविषयीं मत बनविण्यापूर्वीं कृपा करून त्यास पुरें एक वर्ष द्यावें. त्याचा उपयोग किती होतो, तें देव जाणे.

तेव्हां पंच ह्या नात्यानें आमचा निकाल असा. नेम हा गुण सीमा ओलांडतो. मैदान बदललें म्हणून डोळा आणि पाय आपली विद्या विसरत नाहींत. जमिनीवरून लाथ मारण्याची संवय नव्यानें लावावी लागेल, आणि अंगावर येणाऱ्या फळीची भीति जिरवावी लागेल. त्यास एखादें वर्ष लागेल. तें वर्ष मिळालें, तर कॅनडांतील उत्तमांपैकीं निदान कांहीं जण अमेरिकेंत खात्रीनें टिकतील. न मिळालें, तर टिकणें न टिकणें हें नेमापेक्षां पहिल्या दहा लाथांच्या दैवावरच राहील. जांवईबापूंनीं नेम पाहिला, कन्येनें खांब पाहिले. मुदतीचा विचार दोघांच्याही वादांत आला नव्हता.

हा प्रश्न आतां निराळें रूप घेण्याच्या वाटेवर आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत कॅनेडियन लीगनें जाहीर केलें कीं, २०२७ पासून मैदान १०० यार्डांचें होईल आणि खांब अमेरिकेप्रमाणेंच मागच्या टोंकास नेले जातील. चुकलेल्या लाथेस मिळणारा तो एकुलता गुणही बराचसा काढून घेण्याचें ठरलें आहे. जुन्या भक्तांस ह्याचें दुःख झालें, आणि तें आम्हांस समजतें. चुकणाऱ्यासही थोडें पदरांत घालणारे खेळ जगांत थोडेच. ह्यापुढें कॅनडाच्या किकरास, तुझे खांब जवळ होते, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. पण पलीकडच्या जागा बत्तीसच राहतील, आणि तेथें पाऊल ठेवणाऱ्या नव्या माणसाच्या पहिल्या दहा लाथा पूर्वींप्रमाणेंच मोजल्या जातील.